रामबागेतली घंटा: प्रकल्प नोंदी, इंदूर, फेब्रुवारी ते मे २०२५

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून वही सुरू. सरांनी बजावलंय की रिपोर्ट शेवटी, आधी रोजच्या रोज लिही, आणि जे घडलं तेच लिही.

विषयाचं नाव भारदस्त आहे: शहरातल्या मालवाटपाच्या शेवटच्या टप्प्यात इलेक्ट्रिक आणि स्वयंचलित वाहनांची शाश्वतता. काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे पार्सलची गाडी, असंच ना?" हो, असंच. काकांची वाटपाची छोटी एजन्सी आहे. देवास नाक्याच्या गोदामातून माल उचलायचा आणि रामबाग, नारायण बाग, इमली बाजार, मल्हारगंज या जुन्या भागात घरोघरी पोचवायचा. दोन पेट्रोल स्कूटर, एक सीएनजी तीनचाकी आणि गेल्या दिवाळीत घेतलेली एक इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी, एवढा त्यांचा ताफा. इलेक्ट्रिकची बॅटरी ७.४ किलोवॉट-तासांची. हिरवी पाटी, तिच्यावर पिवळी अक्षरं. परमिटची भानगड नाही, कारण बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्येच परमिटमधून सूट दिली. काकांना ती गाडी आवडायचं पहिलं कारण हेच. हवा-बिवा नंतर.

गाडी मामा चालवतात. ते कुणाचेच सख्खे मामा नाहीत, पण इमली बाजारापासून बडा गणपतीपर्यंत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही.

प्रकल्पाची दुसरी बाजू कॉलेजात आहे. दोन ज्युनियर पोरांनी माणसामागे चालणारी चारचाकी ढकलगाडी बनवलीय. तिला संगणक, कॅमेरा आणि फिरता लेझर बसवलाय. नाव पिल्लू.

१२ फेब्रुवारी

काकांच्या अंगणात चार्जिंगच्या प्लगपाशी सबमीटर लावला. गाडीच्या स्क्रीनवर मला भरवसा ठेवायचा नव्हता, आणि ते बरंच झालं. आज ५२ किलोमीटर झाले. स्क्रीन म्हणते ३.९ युनिट (म्हणजे किलोवॉट-तास) खर्च, भिंतीवरचा मीटर म्हणतो ४.४. मधलं अर्धं युनिट चार्जरच्या आणि बॅटरीच्या उष्णतेत गेलं. चार्जरवर हात ठेवला तर चहाच्या कपासारखा गरम होता. बिल भिंतीच्या मीटरचं येतं आणि कोळसाही तिथूनच मोजायचा, म्हणून यापुढे सगळे आकडे भिंतीचेच घेणार.

१४ फेब्रुवारी

हिशेबाची पहिली ओळ. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तारांमधली गळती त्यात धरलेली नाही, ती धरली तर आकडा चढतो. त्या हिशेबाने मामांची गाडी किलोमीटरमागे ६१ ग्रॅम सोडते. सोडते म्हणजे इथे रामबागेत नाही, कुठल्या तरी औष्णिक केंद्राच्या चिमणीतून.

काकांची सीएनजी गाडी किलोला ३५ किलोमीटर देते, किलोमीटरमागे ७७ ग्रॅम. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ देते, म्हणजे ५१.

इथे मी पेन खाली ठेवलं. पेट्रोलची स्कूटर इलेक्ट्रिक तीनचाकीपेक्षा कमी सोडते? सरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "तू काय मोजतेयस? किलोमीटर? लोकांनी किलोमीटर मागवलेत का?"

१५ फेब्रुवारी

पार्सलवर मोजलं. तीनचाकीने परवा १०४ पार्सलं नेली, स्कूटरने ४८ किलोमीटरमध्ये ३१. पार्सलमागे तीनचाकी ३० ग्रॅम, स्कूटर ७९. जीव थोडा भांड्यात पडला.

पण मग रनशीट पाहिली. १०४ नेली, पोचली ८३. बाकीची २१ संध्याकाळी परत गोदामात. "कस्टमर नॉट अवेलेबल", "कस्टमर नॉट अवेलेबल", एकाखाली एक. परत आलेलं पार्सल पोचलेलं नसतं, त्याचा धूर पोचलेल्यांच्या डोक्यावर टाकायचा. तीनचाकी ३८ ग्रॅम, स्कूटर (२५ पोचली) ९८. हाच हिशेब सीएनजी गाडीला लावला, तेवढेच किलोमीटर आणि तेवढीच पार्सलं धरून, तर ४८.

मामांना विचारलं, एवढे लोक खरंच घरी नसतात? मामा म्हणाले, "असतात गं पोरी, पण त्यांना ठाऊक कुठे असतं मी कधी येणार ते."

१८ फेब्रुवारी

दिवसभर मामांच्या शेजारी बसून फिरले. सीट एकच, म्हणून अर्ध्या सीटवर. काही नोंदी:

डबा वजनाने भरतच नाही. गाडी साडेपाचशे किलो पेलते, पण सकाळी गच्च भरलेल्या मालाचं वजन केलं तर १९० किलो. बाकी खोक्यांमधली हवा. एका मोबाइलच्या कव्हरला बुटाएवढं खोकं.

५२ पैकी ४० किलोमीटर देवास नाका ते रामबाग जाण्यायेण्यातच जातात. दोन फेऱ्या होतात. सकाळी माल आणायला, आणि दुपारनंतर पुन्हा, कारण परतीचा माल आणि सीओडीची, म्हणजे पार्सल देताना घेतलेली, रोकड त्याच दिवशी जमा करावी लागते. प्रत्यक्ष वाटप अवघं १२ किलोमीटरचं. मल्हारगंजात सरासरी वेग ताशी ९ किलोमीटर निघाला. आपल्या शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे, २०२१ मध्ये आशियातला सगळ्यात लांब म्हणून त्याचं उद्घाटन झालं. तिथे आमची गाडी एक चक्कर मारेल तेवढ्या वेळात मामा इमली बाजारात एक पार्सल देतात. फरक इतकाच की ते जिना चढून येतात.

जिने मोजले. दिवसाला ३७. वाड्यांचे, अंधारे, दोरी धरून चढायचे. ७४० पायऱ्यांपर्यंत मोजलं, मग माझंच गणित सुटलं. मामा एकोणपन्नास वर्षांचे आहेत.

जीपीएसचा काही उपयोग नाही. दोन भिंतींमधल्या बोळात फोन म्हणतो आपण राजवाड्याच्या छपरावर आहोत. चाकाचे फेरे मोजून अंतर काढायचं ठरवलं.

२८ फेब्रुवारी

एबी रोडवरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला रस्ता, काढायला काल हायकोर्टाने मान्यता दिली. सुमारे साडेअकरा किलोमीटरचा कॉरिडॉर, २०१३ पासूनचा. चहाच्या टपरीवर सगळे खूश, "भिया, अब रोड खुलेगा." मला एवढंच सुचलं की बससाठी राखलेली जागा गेली, तरी माल उतरवायला राखलेली जागा या शहरात कधी नव्हतीच. मामा गाडी उभी करतात ती गोराकुंडाजवळ एका ओळखीच्या दुकानदाराच्या फळीपुढे, तीही तो दुकानदार दुपारी जेवायला गेल्यावर.

५ मार्च

पिल्लूची पहिली खरी बाहेरची चाचणी, इमली बाजाराच्या मागच्या गल्लीत, सकाळी ७ वाजता. कल्पना अशी: तीनचाकी गल्लीच्या तोंडाशी थांबेल, मामा चालत आत जातील, आणि ४० किलो पार्सलं घेऊन पिल्लू त्यांच्या मागे जाईल. मामांनी नारिंगी चमकदार जाकीट घालायचं, कॅमेरा ते ओळखेल. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये हे ठरलेल्या घड्याळासारखं चालत होतं.

सकाळी ७ ला इंदूरच्या गल्लीत आणखी कुणाच्या अंगावर नारिंगी जाकीट असतं? महापालिकेच्या सफाई कामगार बाईंच्या. पिल्लूने मामांना सोडलं आणि बाईंच्या मागे निघालं. त्या झाडू मारत पुढे, पिल्लू चाळीस किलो पार्सलं घेऊन मागे. वळून पाहून त्यांनी ज्युनियरला विचारलं, "भिया, ये कचरा मुझे दे रहे हो क्या?"

मामा ओट्यावर बसून हसले ते पाच मिनिटं उठलेच नाहीत. मामांच्या जाकिटावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा छापील चिन्हाचा पट्टा शिवून घ्यायचं ठरलं. शिवण माझ्याकडे.

७ मार्च

पट्टा चालला. पिल्लू गाईपुढे थांबलं, ते योग्यच. पण गाय उठेना. बोळ चार फुटी, वळसा घालायला जागा नाही. मामांनी गाईच्या पाठीवर थाप मारली, "चल गं," आणि ती उठली. संगणकाला हे कसं शिकवायचं यावर पोरांनी अर्धा तास चर्चा केली. मी वहीत लिहिलं: थाप.

१० मार्च

आजचा दिवस मोजमापाचा, आणि माझ्या मते आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा.

पिल्लूच्या तारांवर दोन वेगळे मापक लावले, एक चाकांच्या मोटरींवर, दुसरा संगणक-कॅमेरा-लेझरवर. सपाट फरशीवर ४० किलो घेऊन चालताना चाकांना ४५ वॅट लागतात. डोक्याला ३४. उभं राहिल्यावर चाकांना शून्य, डोक्याला तेच ३४. गल्लीतली फेरी ५० मिनिटांची झाली, त्यात पिल्लू प्रत्यक्ष चाललं १६ मिनिटं. बाकीचा वेळ मामा जिन्यावर आणि पिल्लू खाली "विचार" करत. हिशेब: चालायला १२ वॅट-तास, विचाराला २८.

मोठ्या गाडीचंही असंच होईल का? एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अंदाज मांडला होता: जगात १०० कोटी स्वयंचलित गाड्या दिवसाला एक तास चालल्या आणि प्रत्येकीतल्या संगणकाला ८४० वॅट लागले, तर त्यांचं एकूण उत्सर्जन साऱ्या जगातल्या डेटा सेंटरांच्या तेव्हाच्या उत्सर्जनाइतकं होईल. त्या अभ्यासात मोटारी होत्या, हमरस्त्यावर धावणाऱ्या. मामांची तीनचाकी मल्हारगंजात ताशी ९ च्या वेगाने जाते आणि बॅटरीतून किलोमीटरला ७५ वॅट-तास घेते. म्हणजे सरासरी ६७५ वॅट. तिच्यावर ८४० वॅटचा संगणक बसवला तर गाडी ओढण्यापेक्षा गाडी समजून घेण्यातच जास्त वीज जाईल. वेग जितका कमी, तितका प्रत्येक किलोमीटरवर विचाराचा बोजा जास्त. शेवटचा टप्पा तर सगळा कमी वेगाचाच.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पान फाडू नकोस."

१९ मार्च, रंगपंचमी

सुट्टी. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहायला राजवाड्यावर. टोरी कॉर्नरकडून आलेली गर्दी, टँकरमधून उडणारा रंग, आभाळ गुलाबी. मामा गुलालाने इतके माखलेले की पट्टा असता तरी पिल्लूने ओळखलं नसतं.

२० मार्च

पिल्लू काल खोलीत बंद होतं, तरी लेझरच्या काचेवर गुलाबी थर. खिडकी कुणी उघडी ठेवली हे कुणीच सांगत नाहीये.

२४ मार्च

चार्जर बंद पडला. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर "पार्ट मागवलाय." पाच दिवस सीएनजी गाडीवर काम. काकांची कुरकुर: "सीएनजीचा मेकॅनिक कोपऱ्यावर बसतो, याचा मेकॅनिक फोनमध्ये." खोटं नाही. गाडी दारात नुसती उभी असते तेव्हा तिच्या बॅटरीचा बनताना झालेला धूर फिटत नाही, तेवढाच राहतो.

तो किती? स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१९ मध्ये लिथियम बॅटरीच्या एका किलोवॉट-तासामागे ६१ ते १०६ किलो कार्बन डायऑक्साइड असा पल्ला दिलाय. आमच्या बॅटरीला म्हणजे साधारण ४५० ते ७८५ किलो. सीएनजीच्या तुलनेत किलोमीटरला १६ ग्रॅम वाचतात, तर कर्ज फिटायला २८ ते ४९ हजार किलोमीटर. वर्षाला १५ हजारांच्या थोडं वर धरले तर दोन ते तीन वर्षं. त्यानंतरचा नफा खरा, पण बॅटरी तोवर नीट टिकली तर.

काका म्हणाले, "मग घेतली ते चुकलं का?" नाही. मामा दिवसाचे आठ तास त्या गाडीच्या तोंडाशी असतात. बोहरा बाजारात दुकानदार ओट्यावर बसून जेवतो आणि धूर त्याच्या ताटात जायचा तो जात नाही. माझ्या ग्रॅमच्या तक्त्यात ताटाचा रकाना नाही, एवढंच.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

रामबागेत काकांच्या जुन्या वाड्यावर सगळे जमलो. श्रीखंड-पुरीनंतर ओसरीत आडवे पडलो होतो तेव्हा बाहेर कचरागाडी आली. गाणं वाजवत, रविवार असून, पाडवा असून, रोजच्या वेळेला. ते ऐकून वाड्यातली सातही बिऱ्हाडं ओला आणि सुका अशा दोन-दोन बादल्या घेऊन खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गुडघ्यांमुळे उतरत नाहीत, त्यांनी दोरीने टोपली सोडली. चार मिनिटांत गाडी पुढे.

मी उठून बसले.

हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वेळा पहिलं आलं, ते याच गाडीमुळे. रोज, दारोदार, ठरल्या वेळी. "कस्टमर नॉट अवेलेबल" असा शेरा कचरागाडीवाल्याला कधी मारावा लागत नाही. शेवटच्या टप्प्याचं कोडं इथे उलट्या दिशेने केव्हाच सुटलेलं आहे आणि आम्ही लेझर घेऊन फिरतोय.

मामांना फोन केला. म्हटलं, एक घंटा विकत घेऊ.

७ एप्रिल, सोमवार

घंटेचा पहिला दिवस. पितळी, बर्तन बाजारातली, हाताने वाजवायची. रामबाग आणि नारायण बाग एवढ्याच गल्ल्यांत. गेले आठ दिवस घरोघरी जाऊन वेळ सांगितली: रामबाग साडेदहा, नारायण बाग सव्वाअकरा. ज्यांचं पार्सल आहे त्यांना सकाळी मोबाइलवर निरोप. घंटा ऐकली की खाली या, ओटीपी सांगा, न्या.

काकांनी ओसरीतलं जुनं लोखंडी कपाट रिकामं केलं. परतीचा माल आणि रोकड रात्री त्यात कुलूपबंद, गोदामात दुसऱ्या दिवशी सकाळच्याच फेरीत. गोदामवाल्यांना हे पटवायला काकांना तीन चकरा माराव्या लागल्या. दुपारची देवास नाक्याची फेरी बंद.

पहिल्याच दिवशी लोकांना वाटलं कुल्फीवाला आला. चार पोरं पैसे घेऊन उतरली.

१४ एप्रिल

आठवड्याचे आकडे. घंटेआधीच्या आठवड्यात या दोन भागांत २४० पार्सलांपैकी ४७ परत गेली होती. या आठवड्यात २३३ पैकी २१. मामांचे जिने दिवसाला ३७ वरून १४ वर. मामांना पोचलेल्या पार्सलावर पैसे मिळतात, परत गेलेल्याचे नाहीत. म्हणजे ग्राहक न भेटल्याचा दंड इतकी वर्षं मामा भरत होते. हा खर्च कुठल्याच शाश्वततेच्या तक्त्यात मी पाहिलेला नाही.

१८ एप्रिल

मल्हारगंजातही घंटा सुरू केली. तिथे दुकानं जास्त, दुकानदार जागेवर असतातच, फार फरक नाही. पण दिवसाचा एकूण हिशेब बसला: ३२ किलोमीटर, ९४ पोचली. पार्सलमागे २१ ग्रॅम.

आता हे शेजारी शेजारी मांडते, कारण सरांना उद्या हेच दाखवायचंय. सीएनजी गाडी, जुनी पद्धत: ४८. इलेक्ट्रिक, जुनी पद्धत: ३८. इलेक्ट्रिक, घंटा आणि कपाट: २१. आणि गंमत म्हणून सीएनजी गाडीलाच घंटा आणि कपाट दिलं तर: २६. घंटेशिवायच्या इलेक्ट्रिकपेक्षा घंटेवाली सीएनजी बरी! गाडी बदलून १० ग्रॅम वाचले. घंटेने आणि एका गंजलेल्या कपाटाने १७.

यात भर म्हणजे इंदुरात शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस बनतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्लांट रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो आणि सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी देऊ शकतो. तो गॅस खनिज नाही, त्याचा हिशेब ७७ ग्रॅमने करणं चुकीचं ठरेल. काकांच्या गाडीत साध्या पंपावरचा गॅस जातो, म्हणून मी आकडा बदलला नाही. पण "सीएनजी म्हणजे जुनं, वीज म्हणजे नवं" असं या शहरात एका दमात म्हणता येत नाही, एवढं रिपोर्टात टाकणार.

२३ एप्रिल

पारा चाळिशीच्या आसपास. उन्हात गाडी उभी राहिली की बॅटरीच्या डब्याला हात लागत नाही. मी येता येताच प्लग लावत होते, मामांनी थांबवलं: "आधी तिला दम खाऊ दे." आता सावलीत अर्धा तास थांबून मग चार्जिंग. पुस्तकही तेच सांगतं, फक्त जास्त शब्दांत. चार्जिंग रात्रीऐवजी दुपारी करता येईल का हे पाहायला हवं. दुपारची फेरी वाचल्यामुळे गाडी १ वाजता मोकळी असते आणि त्याच वेळी ग्रिडमध्ये सौर वीज भरपूर असते. रात्रीच्या युनिटमागे कोळसा जास्त.

२ मे

विभागात सादरीकरण. एका परीक्षकांचा प्रश्न: "पण यात स्वयंचलित काय आहे? घंटा?" वर्गात हशा.

मी सांगितलं ते असं. तिकडे फुटपाथवरून जाणारे छोटे रोबो २०१८ पासून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला किराणा पोचवताहेत. रुंद फुटपाथ, शांत वस्ती, ग्राहक दारात येऊन झाकण उघडतो. उलट अॅमेझॉन आणि फेडेक्स या दोन्ही कंपन्यांनी आपापल्या वाटप-रोबोंचं काम ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबवलं. म्हणजे जिथे माणूस खाली येतो तिथे रोबो चालतो, आणि खाली आणण्याचं काम रोबोचं नाही. ते आधी करावं लागतं. आमच्याकडे ते कचरागाडीने वर्षानुवर्षं केलंय.

दुसरे परीक्षक म्हणाले, आपल्याकडे ड्रायव्हरशिवाय गाडीला परवानगीच नाही. खरंय. नितीन गडकरी हे २०१७ पासून सांगताहेत, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा म्हणाले, कारण ड्रायव्हरांच्या नोकऱ्या. पिल्लू मात्र कुणाची जागा घेत नाही, ते मामांच्या मागे चालतं. हे मी आत्मविश्वासाने म्हटलं खरं, पण घरी येताना वाटलं की हातगाडी ओढणाऱ्याची जागा ते घेतं की. इमली बाजारात असे दोघं-तिघं आहेत. त्यांच्याशी बोलायचं राहिलं.

६ मे

बोलले. त्यातले एक म्हणाले, "ओझं ओढायला मोटर द्या, डोकं माझं मी लावतो." पोरांनी संध्याकाळी पिल्लूचा संगणक काढून त्याला एक दांडा आणि अंगठ्याने दाबायचा वेगाचा खटका बसवला. ३४ वॅट गेले. तेच गृहस्थ ६० किलो घेऊन सहज गेले. बॅटरी तीच, फेऱ्या दुपटीहून जास्त.

ज्युनियर जरा हिरमुसलेत. सहा महिन्यांचं काम आहे त्यांचं. सरांनी मध्यम मार्ग काढला: संगणक ठेवा, पण गाडी उभी असताना झोपवा. हाक मारली की जागा होईल.

१३ मे

झोपवण्याचं जमलं. जागं व्हायला ११ सेकंद लागतात. मामा तेवढ्या वेळात कपाळावरचा घाम पुसतात. ५० मिनिटांच्या फेरीत डोक्याचा खर्च २८ वरून ११ वॅट-तासांवर.

२० मे

एक वाईट दिवस. अवेळी पाऊस, रामबागेत पाणी, घंटा वाजली तरी कुणी उतरलं नाही. ३१ परत. ओसरीतलं कपाट भरलं, उरलेली काकूंच्या पलंगाखाली ठेवली.

२६ मे, सोमवार

या सत्रातली शेवटची नोंद. पिल्लूच्या पाटावर आता वजनकाटा आहे, दर सेकंदाला वजन नोंदतो. वजन कमी झालं की पार्सल दिलं असं समजून तो आपोआप एक ओळ लिहितो, म्हणजे मामांना फोनवर टिचक्या मारायला नकोत.

साडेदहाला घंटा. सहा जण खाली. तिसऱ्या मजल्यावरून काकूंनी टोपली सोडली. पिल्लू बरोबर टोपलीखाली येऊन थांबलं आणि अडकलं, कारण पार्सल उचलून टोपलीत ठेवायला त्याला हात नाहीत. मामांनी ठेवलं. काकूंनी वरून ओटीपी ओरडून सांगितला, सगळ्या वाड्याने ऐकला. टोपली वर गेली आणि पुन्हा खाली आली, आत स्टीलच्या डब्यात कैरीचं पन्हं. मामांच्या हातात दुसरं पार्सल होतं, म्हणून त्यांनी डबा पिल्लूच्या पाटावर टेकवला.

१०:३४ च्या ओळीत पार्सल दिल्यावर वजन ६२० ग्रॅमने वाढलेलं दिसेल. ज्युनियरांना सांगून ठेवलंय, ती ओळ गाळू नका.

आजचे किलोमीटर ३२, भिंतीचा मीटर २.७. नेली ९८, पोचली ९१.